हुरमतबीचं धुरीचं अत्तर

ही गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा सोनवळला सडक नव्हती, पाटी नव्हती, आणि नवखा वाटसरू गावाची वाट नाकानं शोधत यायचा. हसू नका. नदी ओलांडली की वाराच त्याला सांगायचा, बाबा, आता डावीकडं वळ. कारण डावीकडं हुरमतबी अत्तारणीचं अंगण होतं, आणि त्या अंगणात बारा महिने चूल पेटलेली असायची.

चुलीवर तांब्याचा मोठा हंडा. हंड्यात पाणी आणि फुलं, तोंड कणीक-मातीनं लिंपून बंद केलेलं. त्यातून निघालेली बांबूची नळी शेजारच्या सुरईत उतरायची. सुरईत चंदनाचं तेल आणि सुरई गार पाण्यात बुडवलेली. फुलांची वाफ नळीतून यायची आणि तेलात मुरून बसायची. झालं अत्तर! त्यात दारूचा थेंब नसायचा, म्हणून पहाटे काकड्याला जाणारा आणि नमाजाला जाणारा, दोघेही एकाच शिशीतलं लावून निघायचे. नवरा गेल्यावर हा सगळा पसारा हुरमतबीनं एकटीनं सांभाळला. असं म्हणतात, की तिला हंडा उघडून पाहावा लागत नसे. सुरईला हात लावला की आत किती उतरलंय ते तिला कळायचं.

तिचं नाक तर काय विचारता! असं म्हणतात, की माणूस दारात उभा राहिला की हुरमतबी त्याच्या घरी काय शिजलंय ते सांगायची आणि कोण कुणावर रुसलंय तेही सांगायची. रुसण्याला वास असतो का, ते मला ठाऊक नाही. सोनवळकर म्हणतात असतो, तर असेल.

पण अत्तर कसं लावावं याबाबतीत बाई फार कडक. "आधी आंघोळ करा, अंग कोरडं करा," ती म्हणायची. "मग काडीचं टोक मनगटाला टेकवा, कानामागं टेकवा, बस. मनगटावर मनगट घासू नका, घासलं की त्याचा जीव जातो. कानात कापसाचा फाया ठेवायचा तर उडदाएवढा. उन्हाळ्यात वाळा, थंडीत हिना. आणि वास हातभर अंतरावर यायला पाहिजे, वेशीवर न्हाई!" एखादा हौशी नवरदेव अंगभर चोपडून आला तर ती त्याला सरळ नदीवर परत पाठवायची.

हे सगळं तिनं ज्याला सांगितलं आणि ज्यानं मुळीच ऐकलं नाही, असा एकच माणूस गावात होता. रखमाजी पाटील. पाटील यायचे हे गल्लीला आधी कळायचं, मग पाटील दिसायचे. हिन्याची शिशी आठवड्यात संपायची. गाव पाठीमागं हसायचं. हुरमतबीही हसायची, आणि एके दिवशी तिनं तोंडावरच विचारलं, "पाटील, शिशी पिता काय?"

पाटील हसले नाहीत. भलेमोठे पाटील, पिळदार मिशा, डोक्याला हातभर रुंद पागोटं, आणि अंगणातल्या बाजेवर बसून ते लहान पोरासारखे रडायला लागले.

"हुरमतबी, माय मला वळखंना गं."

पाटलांची आई म्हणजे ठकूबाई. तिचा विसराळूपणा गावाला माहीत होता, पण तो इतका वाढला होता हे कुणालाच माहीत नव्हतं. पाटील रोज आईसमोर जाऊन बसत. ती पदर सावरून त्यांना पाणी द्यायची आणि म्हणायची, "बसा पाव्हणं. माझा रखम्या येईलच आता रानातनं." पाटील म्हणायचे, माय, मीच रखम्या. ती आदबीनं हसायची. पाहुण्याची थट्टा समजायची. पाटलांना वाटलं, तिला दिसत नसेल, म्हणून पागोटं मोठं केलं. ऐकू येत नसेल, म्हणून आवाज मोठा केला. वासानं तरी ओळखेल, म्हणून अत्तराची शिशी अंगावर पालथी केली. आणि ती रोज पाणी देत राहिली.

"ती अशीच गेली तर?" पाटील म्हणाले. "वाट बघत गेली तर? मी समोर बसलेला असंल आन् ती माझीच वाट बघत मरंल."

हुरमतबीनं पाटलांच्या हातातली शिशी काढून घेतली आणि म्हणाली, "थांबा. मी उतरवते काहीतरी."

आता अत्तारणीचं डोकं चालणार ते अत्तरासारखंच. तिनं ठरवलं, म्हातारीला जुनं काही आठवायला हवं, आणि बाईला माहेराइतकं जुनं काय असतं? ठकूबाईचं माहेर ओढ्याकाठच्या गावातलं, आणि त्या ओढ्याला केवड्याचं बन. श्रावण सरत आला होता. हुरमतबी विळा घेऊन एकटी निघाली. केवड्याच्या बनात नाग असतो हे लहान पोरालाही ठाऊक असतं. असं म्हणतात, की तो नाग फणा काढून तिच्या वाटेत उभा राहिला. ती म्हणाली, "बाबा, एका मायसाठी नेते," आणि नाग बाजूला सरला. त्याच्या अंगाला लागलेला केवड्याचा पिवळा धुरळा तिनं पदरानं पुसला, इथवर सांगणारे लोक आहेत. मी एवढंच म्हणेन, की ती केवडा घेऊन धडधाकट परत आली.

ते अत्तर असं उतरलं की त्या दिवशी गावातल्या साऱ्या लेकीसुनांना माहेरची आठवण येऊन चुली उशिरा पेटल्या. हुरमतबीनं काडीचं टोक ठकूबाईच्या मनगटाला टेकवलं. पाटील शेजारीच बसले होते.

म्हातारीनं मनगट नाकाशी नेलं. तिचा चेहरा उजळला. सुरकुत्या जणू पुसून गेल्या, डोळे चमकले, आणि पाटलांना वाटलं, झालं, आता हाक मारणार. ठकूबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, झटकन पदर डोक्यावर ओढला आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "कोन हायेत हे? दादाला बोलवा. दादा घरी नसताना परका मानूस आत कसा आला?"

अत्तरानं काम केलं होतं. नको तितकं केलं होतं. म्हातारी माहेरी पोचली होती, परकर-पोलक्यातली ठकी झाली होती, आणि त्या घरात रखम्या अजून जन्मालाच यायचा होता. आधी ती निदान त्याची वाट तरी बघत होती. आता वाट बघणंही संपलं.

पाटील उठून गोठ्यात जाऊन बसले. हुरमतबी घरी आली आणि तिनं चूल विझवली. त्या अंगणातली चूल विझलेली गावानं पहिल्यांदा पाहिली. तिचं दुःख उगाच नव्हतं. ज्या नाकाचा तिला अभिमान होता, त्या नाकानं एका लेकाची उरलीसुरली आई नेली होती. पुरी दिवाळी गेली, लोक दाराशी येऊन शिशी मागून परत गेले, आणि हुरमतबी उंबऱ्यावर बसून राहिली.

केवड्याचा वास हळूहळू विरला आणि ठकूबाई माहेरून परतली. पुन्हा पदर सावरून पाणी द्यायला लागली. "बसा पाव्हणं. रखम्या येईलच." ते ऐकायला हुरमतबी एकदा मुद्दाम गेली. कोपऱ्यात बसून राहिली. पाटील आले, नेहमीसारखे हिन्यात न्हालेले. म्हातारीनं लांबूनच वास घेतला आणि लगबगीनं सुनेला सांगितलं, "अगं, पाव्हणं आले. घोंगडी टाक."

हुरमतबीनं कपाळावर हात मारला.

अहो, अत्तर लावतं कोण? लग्नाला आलेला पाहुणा लावतो! घरचा माणूस रानातून येतो तेव्हा त्याला घामाचा वास असतो, कडब्याचा असतो, बैलांचा असतो. पाटील जेवढं अत्तर लावत, तेवढे परके होत. आणि ते अत्तर दिलं होतं कुणी? हुरमतबीनंच! आईला लेक ओळखू येत नव्हता, त्यात निम्मा हात तिचाच होता. हे तिनं स्वतःशी कबूल केलं, आणि मग तिनं नाकाला कामाला लावलं. आई लेकाला पहिल्यांदा ओळखते ती कशावरून? तोंडावरून? छे, सगळी तान्ही सारखीच दिसतात. ती त्याची टाळू हुंगते.

ती थेट गावच्या सुईणीकडं गेली. थंडीचे दिवस होते आणि गावात एक बाळंतीण होती. त्या बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी बसून हुरमतबीनं श्वास घेतला. आत बायका बाळाला न्हाऊमाखू घालून शेगडीवर धुरी देत होत्या. ओवा, वेखंड, बाळंतशेपा, लसणाच्या साली, गोवरीची ऊब, आणि या सगळ्याखाली टाळूवर जिरवलेलं तेल. प्रत्येक सोनवळकराचा पहिला वास हाच, मग तो पाटील असो की अत्तार.

हुरमतबीनं चूल पेटवली. ओवा-वेखंडाचं अत्तर कुणी उतरवतं का? सुगंधी म्हणावा असा तो वासच नाही. शेजारणी म्हणाल्या, बिचारीचं डोकं फिरलं. पण असं म्हणतात, की त्या दिवशी सुरईभोवतीचं पाणी गार राहीना. कितीही बदललं तरी ते तान्ह्याच्या आंघोळीच्या पाण्याइतकं कोमट राहिलं.

शिशी घेऊन ती पाटलांकडं गेली आणि म्हणाली, "आंघोळ करा. हिना धुऊन काढा. आन् पागोटं काढा."

पाटील दचकले. त्या काळी माणूस बोडक्यानं केव्हा बसायचा? घरात कुणी गेलं की. "माय जित्ती असताना तिच्याम्होरं बोडक्यानं बसू? अभद्र बोलू नका, हुरमतबी."

"पाटील, तिच्या नाकाला तुमी अजून पाळण्यातच हाय," हुरमतबी म्हणाली. "पागोटं घालून कुणी पाळण्यात निजतं का?"

पाटलांनी पागोटं काढलं. गावासमोर नाही काढलं, फक्त हुरमतबीसमोर काढलं. हुरमतबीनं अत्तर म्हातारीला लावलं नाही. काडीचं टोक पाटलांच्या टाळूला टेकवलं, तेही इतकं थोडं, की पाटलांना स्वतःला काहीच वास येईना. ते म्हणाले, "एवढ्यानं काय व्हनार? आनखी लावा."

"आनखी लावलं तर तिला लांबनंच येईल. तिला लांबनं यायला नको. तुमी जवळ जा."

आणि खरी गोम इथंच होती. पाटील रोज आईसमोर बसत, पण पाहुणा बसतो तितक्या अंतरावर. कित्येक वर्षांत त्यांनी आईला हात लावला नव्हता. मोठा झालेला लेक आणि त्यात पाटील, आईच्या मांडीवर डोकं कसं ठेवणार? ते घोंगडीवरून पुढं सरकले. अजून सरकले. म्हातारी अंग चोरून म्हणाली, "पाव्हणं, काय पाहिजे?" पाटलांनी डोकं वाकवलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

ठकूबाईचे हात हवेतच राहिले. परक्या पुरुषाचं डोकं! ती ओरडणार होती. मग तिनं वास घेतला. खाली वाकली, टाळूला नाक लावलं आणि पुन्हा एकदा, सावकाश, पोटभर हुंगलं.

"रखम्या," ती म्हणाली. "टोपडं कुठं टाकलंस रं? डोकं गार पडलंय बघ. थंडी बाधंल की, लेकरा."

टोपडं सापडेना, म्हणून तिनं आपल्या पदराचं टोक पाटलांच्या डोक्यावर ओढलं आणि हनुवटीखाली गाठ मारली. त्या मिशांखाली, त्या हनुवटीखाली! सून दाराआड तोंडात पदर कोंबून रडत होती. पाटील तसेच पडून राहिले. असं म्हणतात, की त्या घटकेला सोनवळातले सगळे रिकामे पाळणे आपोआप हलले आणि म्हाताऱ्या बायकांच्या तळव्यांना तेलाचा वास आला. पाळण्यांचं खरं-खोटं देव जाणे. गाठीचं मात्र खरं आहे, ती सुनेनं डोळ्यांनी पाहिली होती.

ती ओळख दिवसभर टिकली नाही. दुसऱ्या दिवशी पाटील पुन्हा पाहुणे झाले. म्हणून त्यांनी पुन्हा पागोटं काढलं, पुन्हा डोकं वाकवलं, आणि ठकूबाई असेपर्यंत रोज वाकवत राहिले. ती गेली तेव्हा कुणाची वाट बघत नव्हती. तिचा हात लेकाच्या डोक्यावर होता.

हुरमतबीनं त्या अत्तराचं मोल कधी घेतलं नाही. ती गेली तेव्हा तिच्या मयतीला सगळं गाव बोडक्यानं चाललं, आणि पुढं रखमाजी पाटील होते. असं म्हणतात, की तिच्या कबरीच्या मातीला अजून ओव्याचा वास येतो. मला आला होता. पण माझं नाक काही तिच्यासारखं नाही.

पौषातल्या एका गुरुवारी सोनवळ अजून तिच्या कबरीवर चादर घालतं. त्या दिवशी गावातली विसरभोळी म्हातारी माणसं हुरमतबीच्या अंगणात उन्हाला घोंगड्यांवर आणून बसवतात. लेक-लेकी न्हाऊन, दुसरा कसलाही वास न लावता येतात. त्यात केस पिकलेलेही असतात, पोटं सुटलेलेही असतात, परगावी साहेब झालेलेही असतात. अत्तारांच्या घरातली एक बाई प्रत्येकाच्या टाळूला काडीचं टोक टेकवते, आणि ते वाकतात. कुणाला नावानं हाक येते. पुष्कळांना येत नाही. पण नाव न आठवणारी म्हातारीसुद्धा खाली वाकून हुंगतेच, आणि हुंगलं की तिचा हात आपोआप पदर शोधतो. पदर डोक्यावर आला की तो माणूस मग उठत नाही. शेत खोळंबलेलं असो, गाडी चुकत असो, म्हातारी हनुवटीखालची गाठ सोडेपर्यंत तो तसाच बसून राहतो.