सुलतानाला सोपवताना

"‘हँड ओव्हर’ म्हणजे देणंच ना, बाबा?"

"देणं म्हणजे ‘गिव्ह’. हे निराळं. आपल्या ताब्यातलं दुसऱ्याच्या हाती सोपवायचं. मग आपला हक्क संपला."

रमजाननं ते शब्द मनाशी घोळवले.

डोंगरावर येणाऱ्या पर्यटकांना घोड्यावरून फिरवण्यात त्याची उमर गेली होती. आता त्याची घोडी, सुलताना, गुडघ्यांनी अधू झाली होती. पायथ्याशी म्हाताऱ्या जनावरांचा सांभाळ करणारी एक परदेशी बाई उद्या तिला न्यायला येणार होती. बाईला मराठी येत नव्हतं. तिच्यापुढे मुक्यासारखं उभं राहणं रमजानला मंजूर नव्हतं, म्हणून तो दर्ग्यातल्या फकीरबाबांकडे आला होता. बाबा तरुणपणी जहाजावर खानसामा होते. इंग्रजी ते तिथंच शिकले.

"मला हे एकच वाक्य पुरे," रमजान म्हणाला. "बाईला कळलं पाहिजे, मी दया मागत नाही. मालक म्हणून देतोय."

"म्हण मग."

"आय हँड ओव्हर सुलताना टु यू."

"पुन्हा."

त्यानं पुन्हा म्हटलं. कुठं अडखळला नाही. मान ताठ होती.

बाबा उठले. चिंचेखाली, जिथं रमजान घोडीला धरून उभा होता, तिथं आले आणि त्यांनी लगामाला हात घातला.

"समज, मीच ती बाई. बोल, आणि दे."

रमजाननं वाक्य म्हटलं. बाबांनी लगाम ओढला. तो हातात आला नाही.

"दे ना."

"दिला की, बाबा."

बाबा नुसते त्याच्या हाताकडे बघत राहिले. मग रमजाननंही खाली पाहिलं. लगामाचा वेढा त्याच्या मनगटाला पडला होता आणि मूठ आवळलेली होती.

"गार पाणी पीत नाही ती," तो हळूच म्हणाला. "कोमट करून द्यावं लागतं. डाव्या डोळ्यानं दिसत नाही तिला, त्या बाजूनं कुणी आलं की बिचकते. वीज कडाडली तर मानेवर हात ठेवून उभं राहावं लागतं. त्या बाईला हे काय ठाऊक?"

"सांग तिला."

"एवढं इंग्रजी मला कुठं येतं, बाबा..."

बाबांनी लगाम सोडून दिला. सावलीत फतकल मारून बसले आणि शेजारची जमीन हातानं झाडली.

"बस," ते म्हणाले. "कोमटला ‘वॉर्म’ म्हणतात."