तिघांच्या तोडीचा

अंगणवाडीतल्या पोरांचा खाऊ पुरवायचा ठेका होता सरपंच दौलतरावांकडे. त्यांच्या चार वर्षांच्या नातवाच्या वाढदिवसाला चौकात पेढेतुला ठरली. पोराला पारड्यात बसवता बसवता दोन गडी घामाघूम झाले. समोरच्या पारड्यात होते नव्हते तेवढे पेढे ओतले, तरी ते खाली येईना.

"आता काय टाकता?" दौलतरावांनी मिशीला पीळ दिला.

गर्दीतल्या हौसाबाईचा नातूही त्याच अंगणवाडीत जायचा. तिनं पेढे काढून त्याला आणि त्याच्याच वयाच्या आणखी दोघांना पारड्यात बसवलं. काटा बरोबर मधे आला.

दौलतराव फुलले. "बघितलंत? आमचा एकटा तुमच्या तिघांच्या तोडीचा!"

"असणारच की, सरपंच," हौसाबाई म्हणाली. "आमच्या तिघांचा खाऊ त्याच्या एकट्याच्याच ताटात पडतो."

टाळ्यांसाठी गोळा केलेल्या माणसांनी तेव्हा कुठं मनापासून टाळ्या वाजवल्या.