सारजामायची वाट

फार वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते करवंडीत आज कुणालाच धड सांगता येणार नाही. भर उन्हाळ्यातही पूर्णेच्या डोहात हत्ती बुडेल एवढं पाणी असायचं, त्या काळात हे घडलं, एवढं मात्र सगळेच सांगतात.

करवंडी तेव्हा जुन्या घडणीचं गाव होतं. उत्तरेला हत्तीवेस होती. दोन बुरुज, मधे कमान, आणि कमानीच्या दोन्ही अंगांना काळ्या दगडात कोरलेल्या हत्तींच्या रांगा. वेशीतून आत आलं की बाजाराच्या तोंडाशी नगारखाना, त्याच्या भिंतींवर दगडी कमळांची रांग. बाजार ओलांडून नदीकडे उतरताना धर्मशाळा, तिच्या खांबाखांबावर मोर. हे सगळं कुणी बांधलं, ते जुन्यातल्या जुन्या माणसालाही ठाऊक नव्हतं. एका रात्री माणसं झोपली, सकाळी उठली तर वेस उभी होती, असं म्हणतात.

त्या गावात उकंडा नावाचा बेलदार राहायचा. बेलदार म्हणजे दगड फोडणारा, रचणारा, आणि गरज पडली तर रचलेलं उतरवणारा. त्याच्या आईचे आधीचे मुलगे जगले नव्हते, म्हणून याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं, मग उचलून घरात आणलं आणि नाव ठेवलं उकंडा. पोरगा जगला, पण आई गेली. त्याला वाढवलं थोरल्या बहिणीनं, सारजानं. तिला तो बाई म्हणायचा.

सारजाला लहानपणी देवी आल्या होत्या, त्यात तिचे दोन्ही डोळे गेले. पण गावात तिला कुणी कधी चाचपडताना पाहिलं नाही. एका कडेवर उकंडा आणि दुसरा हात भिंतीवर, अशी ती गावभर फिरायची. बोटांखाली हत्तीची सोंड आली की वेस. कमळ आलं की बाजार. मोराचा तुरा लागला की नदी जवळ आली. धुणं धुवायला, दळण आणायला, दुपारी शेजारणीकडे बसायला, ती एकटी जायची आणि एकटी यायची. उकंडा मोठा झाला, त्याच्या मनगटात जोर आला, तरी बहिणीला तो हात धरून कधी कुठं घेऊन गेला नाही. तशी वेळच आली नाही.

मग गावाचे दिवस पालटले. काळ्या मातीत कापूस असा पिकला की शेतं दुधानं भरल्यासारखी दिसायची. लांबून व्यापारी आले. बाजारामागे रुईच्या वखारी उभ्या राहिल्या. गाड्यांवर गाड्या येऊ लागल्या, आणि कापसानं फुगलेल्या त्या गाड्या हत्तीवेशीच्या कमानीत अडकू लागल्या. एकदा अशीच गाडी अडकली, मागची तिच्यावर चढली, आणि एक देखणा बैल बुरुजाला चेंगरून मेला. त्याचा धनी तिथंच धुळीत बसून रडला.

गावाचा कारभार यादवराव देशमुखांकडे होता. देशमुख वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्या बैलाच्या धन्याला रडताना पाहिलं होतं. त्यांनी सांगितलं, "वेस पाडा. गाव मोठं व्हायचं तर दार मोठं पाहिजे."

कुणी नाही म्हटलं नाही. उकंडानंही नाही. त्यानं पहार उचलली. खरं सांगायचं तर त्याला आनंदच झाला होता, कारण एवढं मोठं काम त्याच्या हाताला कधी आलं नव्हतं.

वेस पाडायला दिवसांमागून दिवस लागले. कमानीचा मधला दगड काही केल्या निघेना. साखळदंड बांधून बैल जुंपले, बैल गुडघ्यांवर आले, दगड हलला नाही. शेवटी उकंडा वर चढला, त्या दगडाला हात लावून म्हणाला, "लय दिवस उभा राहिला बाप्पा, आता बस." आणि दगड आपणहून सुटला, असं म्हणतात.

वेशीमागोमाग नगारखाना गेला. दगड वखारींच्या पायात गेले, रस्त्याच्या भरावात गेले, उरलेले ओढ्याकाठी लोटून दिले. रस्ता रुंद झाला. गाड्या पळू लागल्या. गाव खूश होतं आणि उकंडाला येता जाता लोक शाबासकी देत होते.

त्या दिवसांत सारजा आजारी होती. हिवतापानं ती अंथरुणाला खिळली होती. वेस पाडतोय हे उकंडानं तिला सांगितलं होतं, आणि ती "बरं" म्हणाली होती. पण सांगणं वेगळं आणि कळणं वेगळं. ताप उतरल्यावर एका सकाळी ती उठली, आणि नेहमीसारखी एकटीच घराबाहेर पडली.

दुपार झाली तरी ती परतली नाही. उकंडा शोधत निघाला. शेजारपाजार पाहिला, बाजार पाहिला, नदी पाहिली. शेवटी जिथं वेस होती तिथल्या मोकळ्या उजाड जागेत ती त्याला दिसली. भर उन्हात जमिनीवर बसली होती. गाड्या तिला वळसा घालून चालल्या होत्या. हात पुढं करून ती हवा चाचपत होती.

उकंडा धावला. "बाई! अशी काहून बसली इथं?"

बहिणीनं आवाजाकडे तोंड फिरवलं. "उकंडा, गाव कुठी गेलं रे?"

तो तिच्यासमोर धुळीतच बसला.

"मी सकाळपासून पाहून राहिली," सारजा म्हणाली. "हात लावाले काहीच नाही. मले वाटलं, तापात मी मेली अन् हे दुसरंच कुठलं गाव हाय."

उकंडानं जन्मात पहिल्यांदा बहिणीचा हात धरला आणि तिला घरी आणलं. वाटेत त्यानं तो हात पाहिला. त्याला बाळपणी सावरणारा तोच हात होता, आणि आता तो त्याची बोटं घट्ट धरून होता. घरी येऊन त्यानं पहार कोपऱ्यात टाकली आणि तिच्याकडे पाहत बसून राहिला. त्याला कुणी काही बोललं नव्हतं, तरी घरात बसवेना आणि बाहेर जाववेना.

दुसऱ्या दिवशी तो बहिणीला घेऊन ओढ्यावर गेला. तिथं फुटक्या दगडांचे ढीग पडले होते. ऊन, माती, काटेरी झुडपं. उकंडा दगड उलटे पालटे करू लागला, पण चिखलानं माखलेले सगळे दगड सारखेच दिसत होते. सारजा ढिगावर तळवा ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "याच्याखाली पाह्य. हत्ती हाय." उकंडानं उकरलं, तर खाली हत्तीची सोंड निघाली. जिथं तिचा तळवा पडला तिथला दगड कोमट व्हायचा, असं म्हणतात. दोघं भावंडं रोज जायची आणि रोज काही ना काही घेऊन यायची. उकंडाच्या अंगणात हत्ती जमले, कमळं जमली.

मग उकंडा देशमुखांकडे गेला. देशमुखांच्या नव्या वखारीच्या भिंतींना नुकताच चुना दिला होता. पांढऱ्याशुभ्र भिंतीकडे बघत देशमुख ओसरीवर बसले होते.

"मालक," उकंडा म्हणाला, "या भिंतीत एक दगड बसवू द्या. वेशीचा हाय. हाताच्या उंचीवर बसवतो."

"या भिंतीत? तो काळा दगड?" देशमुखांनी कपाळाला आठी घातली. "अरे, ठिगळ लावल्यासारखं दिसेल ते."

"ठिगळच हाय, मालक. फाडलं म्या. आता शिवाले मलेच पाहिजे."

अंगणाच्या टोकाला सारजा उभी होती, भिंतीपासून दूर, हात पदरात घेऊन. देशमुखांनी तिच्याकडे पाहिलं. "कोपऱ्यावर बसव," ते म्हणाले. "आणि नीट बसव, हलता कामा नये."

देशमुखांनी बसवला म्हटल्यावर इतरांनीही नाही म्हटलं नाही. कुणी हौसेनं हो म्हटलं, कुणी उकंडाची पीडा टळावी म्हणून. वेशीच्या जागेपासून बाजारापर्यंत हत्ती लागले, बाजारात कमळं लागली. प्रत्येक दगड बसवताना उकंडा बहिणीला उभं करायचा आणि तिचा हात जिथं सहज पडेल तिथंच चुना लावायचा.

आता राहिली होती धर्मशाळा. तीही जायचीच होती, कारण गाड्यांना नदीचा उतार हवा होता. उकंडा म्हणाला, "ही मी नाही पाडत. ज्याले पाडायची त्यानं पाडावी."

सारजा चुलीपाशी बसली होती. "तू नाही पाडली तं दुसरा पाडन," ती म्हणाली. "तो घणानं पाडन. मोरांच्या माना मोडतीन. त्यापरीस तूच उतरव."

उकंडानं छिन्नीला धार लावायला घेतली. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सारजा धर्मशाळेत गेली. सकाळपासून सूर्य कलेपर्यंत ती एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे जात होती. पायरी, चौथरा, कोनाडा, दिव्याच्या काजळीनं गुळगुळीत झालेली जागा, वाटसरूंनी पाठ टेकून टेकून झिजवलेली भिंत, सगळ्यावरून तिनं हात फिरवला. कुणी तिला हटकलं नाही. निघताना ती म्हणाली, "झालं. आता उतरव."

उकंडानं धर्मशाळा पाडली नाही, उतरवली. पहार न लावता, छिन्नीनं सांधे मोकळे करत, एकेक दगड अंगावर घेत. त्याच्या पापण्या दगडाच्या पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या आणि गालांवर ओल्या रेघा होत्या. एकाही मोराची मान मोडली नाही. बाजारापासून नदीपर्यंतच्या भिंतींत ते मोर बसले, आणि सारजा पुन्हा एकटी फिरू लागली.

गाव मात्र पूर्वीचं राहिलं नाही. वेस गेली ती गेलीच. नगारखान्याचा नगारा पुन्हा वाजला नाही. वाटसरू धर्मशाळेच्या जागी थबकायचे आणि पुढं निघून जायचे. हे उकंडाला कळत होतं. म्हणून तो कुणी शाबासकी दिली की मान खाली घालायचा.

पुढं काही वर्षांनी ते घडलं. चैत्राचा महिना होता, बाजाराचा दिवस. टळटळीत दुपारी एका वखारीतली रुई पेटली. वारा असा सुटला की पेटलेली रुई गावावर पावसासारखी पडू लागली, आणि धूर एवढा दाटला की हाताला हात दिसेना. बाजार माणसांनी भरलेला होता. लोक पळू लागले, पण कुठं पळायचं ते कळेना. रस्ता रुंद झाला होता, नवा झाला होता, आणि धुरात सगळ्या दिशा सारख्याच होत्या. माणसं माणसांवर आदळू लागली. आया पोरांच्या नावानं हाका मारत होत्या.

उकंडाही त्यातच होता. डोळ्यांत निखारे गेल्यासारखं झालं होतं. ज्या भिंती त्यानं स्वतः सांधल्या होत्या, त्याही त्याला सापडेनात. दोन्ही हात पुढं करून तो हवा चाचपू लागला, आणि तेव्हा त्याला त्या उजाड जागेतली बहीण आठवली. तो मोठ्यानं रडला.

तेवढ्यात कुणीतरी त्याचं मनगट धरलं. "भिऊ नको बाप्पा. मले तं हा अंधार रोजचाच हाय. मह्या पदराचा शेव धर, अन् मागच्याले तुह्यं धोतर धरू दे."

एकानं एकाला धरलं. सारजा पुढं, तिच्यामागे उकंडा, त्याच्यामागे देशमुख, त्यांच्यामागे अख्खा बाजार. भिंती तव्यासारख्या तापल्या होत्या, पण ते काळे दगड डोहातल्या पाण्यासारखे गार होते, असं म्हणतात. कमळाकमळावर हात ठेवत सारजा वळली, उताराला लागली. आणि असंही म्हणतात की उतारावर तिचा हात क्षणभर चुकला, तेव्हा धुरातून मोर ओरडले. एक ओरडला, त्याच्यापुढं दुसरा, त्याच्यापुढं तिसरा. त्या आवाजामागे माणसं चालत राहिली, आणि पायांना एकदम पूर्णेचं पाणी लागलं.

त्या आगीत वखारी गेल्या, दुकानं गेली, गंजी गेल्या. माणूस एकही गेलं नाही. त्या दिवसापासून तिला कुणी सारजा म्हटलं नाही. ती सगळ्यांची सारजामाय झाली. जळलेलं गाव पुन्हा उभं राहिलं, तेव्हा लोक आपणहून उकंडाच्या दारात आले. "आमच्या भिंतीत पण एक बसव रे," म्हणू लागले.

सारजामाय पुढं खूप म्हातारी झाली. एका दुपारी ती घरातून निघाली आणि भिंतीवर हात ठेवत नदीकडे गेली. पुष्कळांनी तिला जाताना पाहिलं, येताना कुणीच पाहिलं नाही. उकंडा, तोही तेव्हा म्हातारा, मागोमाग गेला. नदीकाठच्या शेवटच्या मोरावर त्याला हाताचा ठसा दिसला, मेणात उमटावा तसा दगडात उमटलेला. कुणी म्हणतं तिला पूर्णेनं पोटात घेतलं. उकंडा मात्र मरेपर्यंत सांगायचा, की बाई हत्तीवेशीतून आत गेली, जिथं काहीच पडलेलं नाही अशा गावात.

करवंडी आता पुष्कळ वाढलं आहे. सिमेंटच्या इमारती झाल्या, मोटारस्टँड झाला. जुनं अजून पडतंच, आणि ते थांबवणं कुणाच्या हातात नाही. पण तिथं कुठलीही जुनी भिंत पाडायची झाली तर आधी कुणीतरी घरचं माणूस येऊन तिच्यावरून हात फिरवतं. मग तिच्यातला एक दगड नव्या भिंतीत बसवतात, हाताच्या उंचीवर, आणि त्याला ना गिलावा करतात ना रंग लावतात. दवाखान्याच्या भिंतीत असा दगड आहे, दूध डेअरीच्या भिंतीत आहे, बँकेच्या भिंतीवरच्या चकचकीत फरश्यांतही एक काळा चौकोन आहे, येणाऱ्या जाणाऱ्यांच्या बोटांनी तुकतुकीत झालेला.

आणि चैत्रात एका दुपारी सगळं गाव रस्त्यावर येतं. माणसं डोळे मिटतात आणि भिंतीला हात लावून नदीपर्यंत चालत जातात. एकमेकांवर आदळतात, हसतात, एखादं पोर हळूच डोळे उघडतं आणि बोलणी खातं. त्या वर्षी लग्न होऊन आलेल्या नव्या सुना सगळ्यांत पुढं असतात. सासू सुनेचे डोळे आपल्या पदरानं झाकते, तिचा हात पहिल्या दगडावर टेकवते आणि विचारते, "काय लागलं, माय?"

सून चाचपते, जरा थांबते. जी वेस तिनं कधी पाहिली नाही, सासूनं नाही, सासूच्या सासूनंही नाही, त्या वेशीवरची सोंड तिच्या बोटांना लागते.

"हत्ती," ती म्हणते.

"मग आलीस गावात," सासू म्हणते, आणि तिला पुढं चालू देते.