जळूने चाखलेले रक्त

हमरस्त्याच्या कडेला असलेल्या एका जंगलात एक रानडुक्कर राहत असे. ते कळपाचे प्रमुख होते आणि रोज धाब्यामागे टाकलेली भजी, वडे अन् कढईतला तेलाचा गाळ मनसोक्त खात असे. धाब्याची कुत्री त्याला भीत, म्हणून उरलेसुरले कोल्ह्याला मिळे. कोल्हा त्याच्या सुटलेल्या पोटाला ‘तब्येत’ म्हणे. मुलांनो, पोटाला तब्येत म्हणणारे कोल्हे जंगलाबाहेरही पुष्कळ आहेत.

दर उन्हाळ्यात प्रमुख कळपाला डोंगरापलीकडच्या पाण्यावर नेई. त्यासाठी एक शहाणा नियम होता. प्रमुखाने आधी डबक्यात पाय बुडवायचा आणि म्हाताऱ्या जळूने रक्त चाखून निकाल द्यायचा. जळूला दिसत नसे, पण चव अचूक कळे. निघायला महिना असताना डुकराने पाय बुडवला; निकाल बरा यावा म्हणून आधी दोन दिवस उपासही केला होता.

जळू म्हणाली, “रक्तात चरबी फार झाली आहे. ती हृदयाकडे जाणाऱ्या नळ्यांत साचते. असाच डोंगर चढलास तर पोहोचणार नाहीस. कंदमुळं खा, रोज चाल आणि निघण्याआधी पुन्हा पाय बुडव.”

“पण जळूबाई, मला कुठंच दुखत नाही.”

“साचताना दुखत नाही. म्हणून तर चाखावं लागतं.”

कंदमुळांच्या कल्पनेनेच डुकराचा चेहरा उतरला. कोल्ह्याने मार्ग काढला. “राव, तिला पाय हवा. तुमचाच हवा, हे तिला दिसतंय कुठं?” महिन्याने डुक्कर काठावर येऊन नुसते खाकरले, झुडपाआडून पाय बुडवला तो कोल्ह्याने दरडावून आणलेल्या सशाने. जळू म्हणाली, “उत्तम. खुशाल चढ.” त्या आनंदात धाब्यामागे दुप्पट जेवण झाले.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या चढावर डुक्कर छाती धरून कोसळले, ते उठले नाही. पिल्ले भोवती तहानलेली उभी राहिली. सर्वांत मोठ्याने ओरडला तो कोल्हा : जळू खोटारडी आहे, तिचे डबके बुजवा. संतापलेले सारे जंगल तिच्यापुढे जमले.

जळू म्हणाली, “त्या रक्ताला हिरव्या गवताची चव होती. मला वाटलं, यानं माझं ऐकलं.”

सशाने कान पाडले. कोल्हा मात्र तोवर नव्या प्रमुखाच्या तब्येतीचे कौतुक करायला निघून गेला होता.

तात्पर्य : तपासणीला दुसऱ्याचे रक्त देता येते; हृदयाला आपलेच पुरवावे लागते.