गेरवाडीची हात पुसायची भिंत

खरं म्हणजे ही गोष्ट मी सांगायची नाही. आमच्या गेरवाडीत ती सांगायचा मान गुरवकाकांचा. देवळाच्या पायरीवर बसून, नारळ फोडून झाला की मगच ते सुरू करतात. पण गुरवकाका आज तालुक्याला गेले आहेत, आणि तुम्ही दोघं मघापासून एकेका भिंतीसमोर उभे राहून फोटो काढताय. नवीन घर घेतलंय, दसऱ्याला पहिल्यांदाच सगळ्यांना जेवायला बोलावलंय आणि हॉलच्या भिंतीचं काय करावं तेच सुचत नाही, असं ताई तुम्ही म्हणालात ते मला ऐकू आलं. म्हणून सांगते. काकांना मात्र कळू देऊ नका.

आधी ही समोरची भिंत नीट बघा. लांबून नुसती रंगीबेरंगी दिसते. जवळ गेलं की कळतं, हा रंग कुंचल्याचा नाही. हे हात आहेत. हा पिवळा तळवा, त्याच्यावर चढलेली जांभळट बोटं. इथं कुणीतरी तांबडा हात वरून खाली ओढत आणलाय, त्याची ओढ्यासारखी वाकडी रेघ झालीय. त्या खालच्या कोपऱ्यातले पंजे लहान मुलांचे. गावातल्या प्रत्येक घराची पुढची भिंत अशीच आहे, आणि एकाही घराची भिंत त्या घरच्या माणसांनी रंगवलेली नाही.

पूर्वी असं नव्हतं. गावामागचा तो गेराईचा डोंगर दिसतो ना, त्याच्या पोटात नाना रंगांची माती आहे. पूर्वी म्हणे प्रत्येक घराण्याची तिथं आपली खाण होती, आणि त्या खाणीतली माती म्हणजे त्या घराण्याचा रंग. पाटलांची पांढरी, सुतारांची पिवळी, गुरवांची तांबडी, तेल्यांची जांभळट, माळ्यांची हिरवट, साळ्यांची केशरी. नवमीला सकाळी प्रत्येक बाई आपल्या खाणीतली माती भिजवायची, पोतेरं घ्यायची आणि पुढची भिंत सारवायची. दसऱ्याला ग्रामदेवी गेराईची पालखी सोनं लुटून आली की एका घरी जेवायला थांबायची. हा मान घरोघर फिरत असे. पण नियम कडक होता. बिनरंगाच्या दारी देवी थांबत नाही, आणि थांबली नाही तर त्या घराचा मान कायमचा जातो. दुसऱ्याची माती लावायचीही सोय नव्हती. आपली माती कुणी परक्याला द्यायचं नाही, दिली तर आपल्या घरची लक्ष्मी तिच्या मागे जाते, अशी समजूत होती.

त्या काळात साळ्यांच्या घरी कौतिका नावाची सून आली. घाटाखालच्या गावची. तिच्या माहेरी घरं काळ्या दगडाची, रंग असा काही नाहीच. गेरवाडीत पाऊल टाकलं तेव्हा ती म्हणे वेशीतच थांबून राहिली. एवढे रंग एका ठिकाणी तिनं फक्त मागावरच्या लुगड्यात पाहिले होते. वरात पुढे गेली तरी नवरी मागेच.

तिची सासू द्वारकाबाई. मुलगा लहानपणी तापानं फणफणला होता तेव्हा तिनं गेराईला नवस बोलला होता, "पोर वाचू दे, घरात सून येईल त्या साली तुला माझ्या दारात जेवू घालीन." पोर वाचलं, सून आली, आणि नेमका त्याच साली मानही साळ्यांच्या घरी आला. द्वारकाबाईला आभाळ ठेंगणं झालं. जो भेटेल त्याला सांगत सुटली. आणि श्रावणात डोंगराची एक कड खचली. साळ्यांची केशरी खाण तिच्याखाली गडप झाली. बाप्यांनी कुदळी मारून पाहिल्या, पण वरची दरड काही हलेना.

द्वारकाबाईनं अंथरूण धरलं. दुखणं दुसरं काही नव्हतं. "नवस फिटला नाही तर मी देवीला तोंड कसं दाखवू गं," एवढंच ती म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून निजायची. आणि ती भिंत पावसानं धुऊन निघालेली, नुसती मातकट.

कौतिका सासूला न सांगता पदर खोचून गावात निघाली. आधी पाटलांच्या वाड्यावर गेली.

"काकी, ओंजळभर पांढरी माती द्या. दारापुरती."

पाटलीण हौसाबाई चांगली होती, पण नियमाबाहेर पाऊल न टाकणारी. म्हणाली, "पोरी, पीठ माग, गूळ माग, तूप घेऊन जा. माती तेवढी मागू नको."

सुतारांच्या ठकूबाईचं तोंड फटकळ. ती म्हणाली, "देईन गं मी. पण उद्या माझी म्हैस आटली तर तू देशील का दूध?"

सगळीकडे हेच. कुणी वाईट बोललं नाही, कुणी माती दिली नाही.

आता कौतिकाच्या हातात एकच गोष्ट उरली, स्वैपाक. तिनं ठरवलं, रंग नसला तर नसू दे, पुरणाचा घाट तरी असा घालायचा की वासानंच देवीचे पाय अडखळले पाहिजेत. गावजेवणाच्या पोळ्या एकटीनं होत नाहीत. घरटी एक बाई मदतीला बोलवायची, म्हणजे हळदकुंकू घेऊन आवतण द्यायचं, ही पद्धत तिला माहेरची ठाऊक होती. तिच्या माहेरी हे आवतण नवमीच्या सकाळचं असायचं. डाळ निवडायची, गहू दळायचे, गाणी म्हणायची. म्हणून तिनं घरोघर जाऊन सांगितलं, नवमीला उजाडलं की या.

इथंच ती चुकली. गेरवाडीत नवमीची सकाळ म्हणजे भिंती सारवायची वेळ. मदतीला बोलवायचं ते दसऱ्याच्या पहाटे. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगणारी सासू भिंतीकडे तोंड करून निजलेली.

बायकांना वाटलं, पोरगी म्हणते आहे तर बोलावेल एखाद्या वेळी उन्हं कलल्यावर. पण नवमीला उजाडताच कौतिका पुन्हा दारोदार हजर, हातात हळदकुंकवाची कोयरी. "चला, चला! डाळ निवडायचीय!" सगळ्याजणी कोपरापर्यंत चिखलात. आणि आमच्याकडे रीत अशी की, देवीच्या कामाचं कुंकू एकदा कपाळी लागलं की हातातलं काम टाकून तसंच निघायचं. थांबायचं नाही, मागं वळायचं नाही, हातसुद्धा धुवायचे नाहीत. ज्यांनी कधी नियम मोडला नाही त्या बायका करतात काय? निघाल्या. कुरकुरत, हसत, हात अंगापासून लांब धरून निघाल्या. साऱ्या गल्लीतून ती रांग साळ्यांच्या दाराकडे चालली. पांढरे हात, पिवळे हात, तांबडे हात, हिरवट हात. पोरंटोरं मागे धावू लागली.

कौतिका दारात उभी होती. तिनं ती रांग येताना पाहिली आणि पाहतच राहिली. वेशीत पहिल्यांदा उभी राहिली होती तेव्हासारखीच. आणि मागे तिची ती कोरी भिंत.

"आता हात धुवायला पाणी दे, बाई," हौसाबाई म्हणाली. "या हातांनी का डाळ निवडू?"

उंबऱ्याशी पाण्याची घागर भरून ठेवलेली होती. कौतिका ती उचलायला वळली, आणि तिचा पाय लागून घागर कलंडली. सगळं पाणी अंगणात वाहून गेलं. पाय चुकून लागला की मुद्दाम, यावर गावात अजून भांडणं होतात. गुरवकाका म्हणतात चुकून. मला विचाराल तर मुद्दाम.

"अगं बाई!" कौतिका म्हणाली. "आता ओढ्यावरून पाणी आणीपर्यंत तुमच्या हातांवर माती वाळायची. भिंतीलाच पुसा ना हात. नाहीतरी कोरीच आहे."

कुणी हलेना. ओली माती थेंब थेंब गळत होती.

"अशी माती देता येत नाही, कौतिके," हौसाबाई हळूच म्हणाली.

तेव्हा ठकूबाई पुढे आली. "देतंय कोण? मी तर हात पुसतेय!" आणि तिनं दोन्ही पंजे, चांगली बोटं फाकवून, भिंतीवर दाबले.

पिवळेधमक!

मग काय विचारता. तेलीण आली, माळीण आली. "सर गं, माझी बोटं अवघडली." "तिथं वर पुस, तिथं रिकामं आहे." "अगं, माझा पुसला जातच नाही, किती चिकट!" हातांवरची माती संपली तरी भिंत बरीच उरली होती. ठकूबाईनं आपले हात उलटेपालटे करून पाहिले आणि गंभीर तोंड करून म्हणाली, "छे! स्वच्छ निघाले नाहीत. घरी जाऊन पुन्हा माखून आणले पाहिजेत, म्हणजे नीट पुसता येतील." सगळ्या खो खो हसत सुटल्या आणि पदर सावरत घराकडे पळाल्या. मग येरझाऱ्या सुरू झाल्या. मळवायचे आणि पुसायचे, मळवायचे आणि पुसायचे. तांबड्यावर पांढरं पडलं की मधेच गुलाबी उमटे, आणि सगळ्याजणी "बघा, बघा!" करत गोळा होत. असा रंग गावानं कधी पाहिलाच नव्हता, कारण दोन घरांची माती कधी एकमेकीला शिवलीच नव्हती. शेवटी हौसाबाईसुद्धा बाह्या सारून आली. इकडेतिकडे पाहिलं आणि चौकटीच्या अगदी वर, जिथं कुणाचा हात पोचत नव्हता तिथं, टाचा उंचावून तिनं पांढरा पंजा उमटवला.

गलका ऐकून द्वारकाबाई अंथरुणातून उठली. दाराशी आली, भिंत पाहिली आणि मटकन उंबऱ्यावरच बसली. "आता हे घर कुणाचं म्हणायचं गं?" एवढंच म्हणाली. पण तोंड भिंतीकडे होतं आणि ते हसत होतं.

हाच प्रश्न देवीच्या पुजाऱ्यानं, बाळा गुरवानं विचारला, पण हसून नव्हे. पालखी कुठं थांबवायची ते त्याच्या हातात; तो शिंग फुंकेल तिथंच ती थांबायची. तो म्हणाला, "कौतिके, तुझ्या सासूबाईंचा नवस मला माहीत आहे. पण घराला एक रंग लागतो. हा कुठला रंग? कुणाचं घर? उद्या मी शिंग फुंकणार नाही. पालखी सरळ पुढं जाईल." कौतिकानं डाळ निवडायला घेतली. तिच्यामागून एकेका बाईनं सूप पुढं ओढलं.

दसऱ्याला पुरण शिजलं, कटाची आमटी उकळली, कुरडया तळून परडीभर झाल्या. दारात तोरण, अंगणात पानं मांडलेली. द्वारकाबाई नवीन लुगडं नेसून, हातात ओवाळणीचं तबक धरून उभी राहिली. वाऱ्यानं निरांजनाची ज्योत फडफडत होती. कौतिका पदराचा आडोसा करून शेजारी उभी होती. सोनं लुटून पालखी गल्लीत शिरली. पुढे बाळा गुरव, शिंग काखेत मारलेलं.

पालखीचे भोई वेगवेगळ्या घरचे. चालताना त्यांनी मान खाली घालायची, आणि घराच्या भिंतीचा रंग दिसला की ओळखायचं, आपण कुठं आलो. साळ्यांच्या दारापाशी आले आणि पुढच्या सुताराच्या पोराला पिवळा पंजा दिसला. आईचा. त्याचं पाऊल आपोआप मंदावलं. त्याच्या जोडीच्या तेल्याला जांभळट दिसलं, तो थबकला. मागच्या माळ्याला हिरवा हात दिसला. ज्याला त्याला वाटलं, आपलंच दार आलं. पालखी जागच्या जागी उभी राहिली. देवीच्या मनात असलं की पालखी जड होते असं म्हणतात. त्या दिवशी ती इतकी जड झाली की कुणालाच उचलेना.

"चला पुढं!" बाळा गुरव ओरडला आणि मागे वळला. वळला तो भिंतीसमोरच. त्याच्या डोळ्यांसमोर तांबडा हात होता, आणि त्या हाताची करंगळी वाकडी उमटली होती. सगळ्या गावात तशी करंगळी एकाच बाईची, त्याच्या घरच्या लक्ष्मीची. त्यानं त्या करंगळीकडे पाहिलं. मग पालखीकडे पाहिलं. आणि म्हणाला, "हे घर कुणाचं, असं विचारत होतो ना मी? सगळ्यांचंच दिसतंय." आणि त्यानं काखेतलं शिंग काढून असं फुंकलं की डोंगरावरून तेच शिंग परत ऐकू आलं.

गेराई द्वारकाबाईच्या दारात जेवली. नवस फिटला. कुणाची म्हैस आटली नाही. पुढच्या नवमीला हौसाबाईच्या दारातली घागर कलंडली. त्याच्या पुढच्या नवमीला गावातल्या सगळ्याच घागरी कलंडल्या, चुकून म्हणे.

म्हणून ताई, भिंतीला कोणता रंग द्यावा हे आमच्याकडे कुणी विचारतच नाही. कुणाला बोलवायचं तेवढं ठरवतात. आजही गेरवाडीत नवमीच्या सकाळी बायका कुंकू घेऊन दारोदार जातात. आजही पाहुणा दारात आला की त्याला हात धुवायला पाणी देत नाहीत, आधी मातीची पाटी पुढं करतात. आणि जो पहिल्यांदाच गावात आला असेल त्याच्यासाठी डोळ्यांसमोरची जागा राखून ठेवतात. हे बघा, आमच्या भिंतीवर दोन हातांएवढी जागा अजून कोरी आहे आणि आतल्या पाटीत पिवळी माती भिजवलेली आहे, तेव्हा दादा, तो फोन आता खिशात ठेवा, आणि ताई, तुम्ही बांगड्या जरा मागे सारून दोन्ही हात...

"प्रांजल! अगं ए प्रांजल, पाहुण्यांना अंगणात उभं करून काय पुराण लावलंयस? पाटी घेऊन ये!"

आले गं आत्या!