तोंड काळं करणे

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत, तेवढं सांभाळून घ्या.

फार मागे एका जांभळीवर लाल तोंडाच्या माकडांची शाळा भरत असे. म्हातारे तांबोजी तिथले गुरुजी. त्या वर्षी पलीकडच्या उंबरावरच्या काळ्या तोंडाच्या वानरांतली साळू नावाची पोर पहिल्यांदाच शाळेत आली.

एके दिवशी गुरुजींनी शिकवलं, "तोंड काळं करणे म्हणजे वाईट काम करून निघून जाणे."

सगळी पोरं साळूकडे वळली. भिंगऱ्यानं विचारलं, "गुरुजी, मग हिनं काय केलंय?" पोरं हसली. तांबोजींनाही हसू आवरलं नाही.

साळू उठून म्हणाली, "मी काहीच केलं नाही, गुरुजी. माझं तोंड जन्माचंच असं आहे."

"बस खाली. गंमत कळत नाही होय तुला?"

दुसऱ्या दिवशी ती उशिरा आली. तिनं ओढ्यातल्या दगडावर तोंड घासलं होतं आणि गालांतून रक्त येत होतं.

"आता तुमच्यासारखं लाल झालं ना?" तिनं विचारलं. मागोमाग तिची आई आली आणि पोरीला घेऊन गेली.

गुरुजी पोरांवर संतापले. "लाज नाही वाटली, तिला हसताना?"

भिंगऱ्या खाली बघत म्हणाला, "तुम्हीही हसलात, गुरुजी. आम्हाला वाटलं, हसायचंच असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तांबोजी सगळ्या पोरांना घेऊन उंबराखाली गेले. "चूक माझी होती, साळू," असं ते सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाले. मग वर बघत ते तिथंच उभे राहिले.