मानाचा नारळ आणि पाटातला गाळ

एका खोऱ्यात पाच गावे होती आणि पाच गावांत मिळून एक वीज कंपनी होती. कंपनी म्हणजे काय, तर ओढ्यावरचा एक बांध, तिथून निघालेला पाट आणि पाटाच्या टोकाला पाण्यावर फिरणारे यंत्र. ज्या घराने बांधाला शंभर दगड वाहिले, त्या घराला कंपनीत एक भाग मिळाला होता. भागाबरोबर एक रीतही होती. वैशाखात प्रत्येक घरातल्या एकाने फावडे घेऊन यायचे आणि पाटातला गाळ उपसायचा. जो येणार नाही, त्याच्या घरचा दिवा आठ दिवस बंद. मग न येऊन सांगतो कोणाला?

पाटाची दारे उघडण्या-मिटण्याचे काम हैबती पाटकऱ्याकडे होते. माणूस कामाला चोख, पण मानाचा भुकेला.

पुढे शहरातून एक व्यापारी आला. "तुमचे भाग मला द्या, मी रात्रंदिवस वीज देतो," म्हणाला. गावे भुलली. करार लिहायला बसल्यावर मात्र तीन दिवस वाद चालला, आणि तोही एकाच गोष्टीवर. दरवर्षी पाण्याच्या पूजेला पहिला नारळ कोणी फोडायचा? शेवटी हैबतीने आपले घोडे पुढे दामटले आणि तो मान आपल्या घराण्याच्या नावे कायमचा लिहून घेतला. गाळ कोणी उपसायचा, हे लिहायचे कोणालाच सुचले नाही.

व्यापारी हुशार होता. त्याने एका कंपनीच्या तीन केल्या. पाण्याची एक, यंत्राची एक, तारांची एक. तिघींच्या डोक्यावर चौथी बसवली आणि ती चौथी दूरच्या पाचवीला विकून टाकली. त्या वैशाखात फावडी घेऊन कोणी आले नाही. पुढच्याही वैशाखात नाही. हैबतीने नारळ मात्र दोन्ही वर्षी फोडला.

दुसऱ्या पावसाळ्यात पाट गाळाने भरला. भर दुपारी पाणी काठावरून खालच्या वस्तीकडे झरू लागले. पाट फुटला असता तर वस्तीतली तीस घरे गेली असती. जादा पाणी ओढ्यात सोडणारे दार उघडणे हा एकच उपाय होता. हैबती धावत पाण्याच्या कचेरीत गेला. तिथला साहेब म्हणाला, "पाणी आमचं, पण गाळ यंत्राच्या तोंडच्या जाळीपाशी साचलाय. जाळी यंत्रवाल्यांची." यंत्रवाले म्हणाले, "दार उघडलं की यंत्र थांबणार, वीज जाणार. तारांवाल्यांना विचारा." तारांवाले म्हणाले, "वरून पत्र येऊ द्या. पत्राशिवाय दाराला हात लावलात, तर नोकरी जाईल."

हैबती परतला, तेव्हा वस्तीतली साळूआत्या काठावर उभी राहून एकटीच फावड्याने गाळ ओढत होती. वय सत्तरीचे.

"आत्या, तुझा भाग तर कवाच इकलास. तू कशाला राबतीस?"

"भाग इकला रं, घर कुठं इकलंय?" ती म्हणाली. "नारळ फोडायचा मान तुझा हाय न्हवं? मग दार उघडायचा कुणाचा?"

हैबतीला लाज वाटली. नोकरीवाचून घरात दुसरा आधार नव्हता, तरी त्याने दार उघडले. पाणी ओढ्यात गेले. वस्ती वाचली आणि पाची गावांची वीज गेली.

आठ दिवसांनी चौकशीला वरच्या कंपनीचा साहेब आला. "कोणाच्या हुकमाने दार उघडलंत?"

"मालकाला इचारायला तीन कचेऱ्या फिरलो, साहेब. मालक काय गावला न्हाई. मग ज्यांची घरं जानार हुती, त्यास्नीच मालक धरलं."

हैबतीची नोकरी गेली ती गेलीच. पुढच्या वैशाखात तो गाळ उपसायला चला म्हणत दारोदार फिरला आणि पूजेच्या दिवशी सगळ्यांच्या आधी फावडे घेऊन पाटात उतरला. त्याच्यामागे पाची गावे उतरली. गाळ निघाल्यावर त्याने नारळ साळूआत्याच्या हातात दिला. कागदावर पाट अजून त्या दूरच्या कंपनीचाच आहे, पण गाळ काढायचा की नाही, हे विचारायला तिथे आता कोणी जात नाही.

तात्पर्य: कागदाने मालकी मिळते आणि नारळाने मान मिळतो, पण जो गाळ उपसायला उतरतो, तोच खरा धनी.